बाईकवरून पहिल्या ग्रुप राईडला निघताय?

मस्त! फक्त लीडरच्या लगेच मागे राहा, नवख्याची जागा तीच. शेवटी राहिलात की पुढच्यांना गाठायच्या नादात वेग नकळत वाढतो, आणि गडबड होते ती तिथेच.

- सरळ रस्त्यावर पुढची गाडी लेनच्या उजवीकडे असेल तर तुम्ही डावीकडे. तुमच्याच रेषेतल्या गाडीपासून किमान 2 सेकंदांचं अंतर हवं. वळणांवर मात्र एकामागे एक.
- टाकी फुल करूनच या.
- मागचा आरशात दिसेनासा झाला तर वेग कमी करा.

ओव्हरटेकचं नीट लक्षात ठेवा. पुढचा गेला म्हणून त्याच्या मागोमाग घुसू नका. त्याला मोकळा मिळालेला रस्ता तुमच्यासाठी मोकळा असेलच असं नाही. स्वतः बघा, मगच थ्रॉटल पिळा. मागे पडलात तरी बिनधास्त या, पुढच्या फाट्यावर आम्ही थांबतोच.