अमेरिकेतले काही शिकारी स्वतःच परवान्याची फी वाढवा असं का म्हणतात?

कारण तो पैसा कुठे जातो हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, म्हणून हे ऐकायला विचित्र वाटतं. तिथे मात्र राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च परवाने आणि टॅगच्या विक्रीवर चालतो. टॅग म्हणजे एक ठरावीक जनावर मारण्याची परवानगी. शिकार झाली की तो त्या जनावरालाच बांधायचा. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-काडतुसांवरच्या करातून राज्यांना निधी मिळतो, पण परवान्याची फी दुसरीकडे वळवायची नाही ही अट आहे. शिवाय राज्याने 1 डॉलर घातला तर केंद्राचे 3 येतात.

पेनसिल्व्हेनियात साध्या परवान्याची फी 1999 नंतर वर्षानुवर्षं 20 डॉलरच्या आसपासच राहिली, कारण ती विधिमंडळ ठरवतं. पगार आणि डिझेल मात्र महागतच गेलं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. हरणाच्या मांसावर हिवाळा काढणाऱ्या घरात बाप आणि दोन पोरं असा खर्च तिप्पट होतो. बाहेरच्या राज्यातल्यांची तक्रार तर जुनीच आहे: 1976 मध्ये मोंटाना राज्यात एल्क या मोठ्या हरणासाठी स्थानिकाला 9 डॉलर, बाहेरच्याला 225. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हा फरक वैध ठरवला.

मला कोलोरॅडोचा 2018 चा मार्ग पटतो. तिथे फी महागाई निर्देशांकाला जोडली, त्यामुळे वीस वर्षांची वाढ एकदम अंगावर येत नाही.