गणिताची टीचर व्हायचंय, बी.एड. पुरेसं आहे का?

प्रश्न : ताई, मी टीवायबीएस्सी मॅथ्सला आहे, हायस्कूलला शिकवायचंय. रिअल अ‍ॅनालिसिस (संख्या, मर्यादा यांबद्दलची प्रत्येक गोष्ट काटेकोर सिद्ध करायचा विषय) नववीच्या पोरांना काय कामाचं? आणि पुढे नेमकं काय करू?

उत्तर : अगं, छान ठरवलंयस! आधी बी.एड.ची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी दे, मग 2 वर्षं बी.एड., त्यात 20 आठवडे शाळेत जायचं असतं ते मात्र फक्त फाइल भरायला घालवू नकोस, खरं शिकणं तिथेच होतं. नंतर टेट (टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा नाही हं, ती पहिली ते आठवीसाठी, पण तीही देऊन ठेव) म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, 200 मार्कांची, आणि पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज.

आता अ‍ॅनालिसिसचं. वर्गात कोणीतरी (a+b)² = a²+b² लिहिणारच, दरवर्षी लिहितात. नुसतं "चूक" म्हणून लाल रेघ मारलीस तर पोरगं सूत्र पाठ करेल आणि परीक्षेत परत तेच लिहील. त्यापेक्षा चौकटीच्या वहीत 5 बाय 5 चा चौरस काढायला लाव, बाजू 3 आणि 2 अशी तोड, 9 आणि 4 रंगव, मिळून 13, मग उरलेले 12 चौकोन कुठले? 3 बाय 2 चे दोन आयत! तेच 2ab, ते पोरानेच शोधलं पाहिजे. "असं का?" विचारायची आणि सिद्ध केल्याशिवाय न मानायची सवय तुला अ‍ॅनालिसिसच लावतंय, म्हणून तो पेपर मनापासून कर.

आणि आत्तापासून आठवड्यातून दोनदा तरी शेजारच्या एखाद्या मुलाला शिकव, त्याच्या चुका वहीत टिपून ठेव.