बिझनेस जर्नलिझमचं मास्टर्स करायचंय ना, मग आधी हे वाच

अगं, रिप्लायला उशीर झाला, रिझल्ट सीझन चालू आहे, तिमाही संपली की साधारण ४५ दिवसांत लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना नफ्या-तोट्याचे आकडे जाहीर करावे लागतात आणि निम्म्या कंपन्या अगदी शेवटी उगवतात, मग आमच्या डेस्कवर नुसती पळापळ.

तर तू विचारलेला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा बिझनेस अँड इकॉनॉमिक रिपोर्टिंगचा कोर्स. चांगलाय, पत्रकारितेसोबत त्यांच्या स्टर्न बिझनेस स्कूलमधले विषय पण करायला मिळतात, खरी कमाई तीच. कोलंबिया युनिव्हर्सिटीची नाइट-बॅजट फेलोशिप सध्या डोक्यातून काढ, ती आधीच काम करणाऱ्या पत्रकारांसाठी असते. आणि फी डॉलरमध्ये, पुढे पगार कदाचित रुपयात, हा हिशोब घरच्यांनी विचारायच्या आत तूच मांड. अर्थव्यवस्थेवर लिहायला निघालीयेस, स्वतःचं लोन तरी नीट कळायला हवं!

कोर्स इथला असो नाहीतर तिथला, सिलॅबसमध्ये एकच शोध, ताळेबंद वाचायला शिकवतात की नुसती कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर लिहायला. भाषा तुझी छानच आहे, ती काय डेस्कवर अजून सुधारेल. पण नफा दुप्पट झाला अशी प्रेस नोट आली की तो धंद्यातून आला की जमीन विकून, कॅश फ्लोमध्ये, म्हणजे रोख आवक-जावकीत पैसा दिसतोय का, ऑडिटरने काय शेरा मारलाय, प्रमोटरच्याच, म्हणजे मूळ मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला कर्ज दिलंय का, हे बघायची सवय लागली पाहिजे. अ‍ॅन्युअल रिपोर्टमधले चेअरमनचे फोटो सोड, शेवटी हिशोबाला जोडलेल्या नोट्सपासून सुरुवात कर, बातमी बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

अर्थात कागदावरही डोळे झाकून विश्वास नको. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं आठवतंय ना, सप्टेंबर २०१९, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच बिल्डर ग्रुपला दिलेली कर्जं हजारो बोगस खात्यांखाली लपवल्याचा आरोप झाला, म्हणजे नुसता ताळेबंद वाचून काय कळणार होतं? तिथे कर्मचारी, ऑडिटर, कर्जदार यांच्याशी बोलणारा रिपोर्टरच लागतो. आपल्याकडे सहकारी बँका, साखर कारखाने, पतपेढ्या इतक्या आहेत की मराठीत या बीटवर, म्हणजे बातमीदारीच्या या क्षेत्रात काम करणाऱ्याला विषय कमी पडणार नाहीत. माणसं मात्र फार कमी आहेत.

आता एक कर. तुझ्या जिल्ह्यातली एखादी लिस्टेड कंपनी निवड, बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर तिचे तीन वर्षांचे रिपोर्ट फुकट मिळतील, ते वाचून ६०० शब्दांची बातमी लिही, सीएफओला (कंपनीच्या वित्त प्रमुखाला) दोन प्रश्न मेल कर, उत्तर नाही आलं तर तसं बातमीत लिही. मला पाठव, जमली तर अ‍ॅप्लिकेशनला जोडू. फीचा हिशोबही पाठव, राहण्या-खाण्यासकट.