चार महिने गाडी उभी राहणार असेल तर

प्रश्न : नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही दोघं मुलीकडे परदेशी असू. पेट्रोलची हॅचबॅक सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये राहील. शेजारी म्हणतात, आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवतो. तेवढं पुरे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांचे आभार माना, पण नुसती चालू करू देऊ नका. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. पेट्रोल जळून झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तसंच राहतं, स्टार्टरने ओढलेला करंटही बॅटरीत पुरता परत जात नाही. पंधरा दिवसांनी कुणी त्र्यंबक रोडला पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणणार असेल तर उत्तम, नाहीतर हातच नको.

फिरवणारं कुणी नसेल तर बॅटरी काढूनच जा. घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक बंद गाडीतही थोडा थोडा करंट खातात. बॅटरी डिस्चार्ज होऊन तशीच राहिली की प्लेट्सवर सल्फेट जमतं आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. आधी पूर्ण चार्ज करा. काही तासांनी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग काचा वर, डिकी बंद, बाकीची दारं लॉक. हे आधीच उरका, कारण नंतर पॉवर विंडो आणि रिमोट चालणार नाहीत. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा. पॉझिटिव्ह आधी खोललं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. शेवटी ड्रायव्हरचं दार किल्लीने लावा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. पहाटेच्या दवाने ड्रम गंजतो आणि ब्रेक शू त्याला चिकटून बसतात. पहिला गिअर टाका, चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा. टायरमध्ये 33 ऐवजी 38 पीएसआय हवा भरा, म्हणजे एकाच जागी चपटे होणार नाहीत. टाकी फुल करा. टाकीतल्या रिकाम्या जागेतल्या हवेतली ओल पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल शोषून घेतं. गाडी धुऊन, वाळवून कापडी कव्हर घाला. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. निफाडकडे पारा कितीही उतरो, कूलंट गोठण्याची काळजी सोडा.

खरी भीती उंदरांची. गाडीत खाऊचा कण ठेवू नका. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या यांचा वास उडाला की उपयोग संपला, त्यांवर विसंबू नका. परत आल्यावर चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने वायरिंग पाहा, एअर फिल्टरचा डबा खोलून घरटं नाही ना ते बघा. बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह आधी. सुरुवातीला ब्रेक खरखरतील. तो डिस्कवरचा गंज, चार-सहा वेळा ब्रेक दाबले की जातो. विमा किंवा पीयूसी मधल्या काळात संपतेय का, तेही निघण्यापूर्वीच पाहून ठेवा.