टकटक कुठून येते ते आधी मोजा

प्रश्न : माझी फिक्सी सायकल आहे, म्हणजे पेडल आणि मागचं चाक कायम एकत्रच फिरणारी, पुढे 48 दाते आणि मागे 16. महिनाभर झाला घर्र घर्र आवाज येतोय आणि मधेच एकदा टक् होतं. दुकानात दाखवली तर त्यांनी चाक मागे ओढून चेन टाइट करून दिली, आवाज उलट वाढला. चेन दोन वर्षं जुनी आहे. नवीनच टाकू का?

उत्तर : थांबा, एवढ्यात पैसे घालवू नका. आवाज वाढला तो बहुतेक टाइट केल्यामुळेच. फिक्सीवाल्यांना चेन सतारीच्या तारेसारखी ताणलेली आवडते का कुणास ठाऊक, पण मधोमध दाबली तर ती सेंटिमीटरभर तरी वर-खाली हलायला पाहिजे, नाहीतर बेअरिंगही लवकर जातात.

आता मागचं चाक उचलून पेडल अगदी हळू फिरवा, आणि बोटं चेनपासून लांब ठेवा हं, फिक्सीत चाक फिरतंय तोवर चेन थांबत नाही, बोट दात्यात गेलं तर गेलंच. एका जागी चेन ताणते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर ढिली पडते, असं दिसतंय का? घर्र पण पेडलच्या दर फेऱ्याला एकदाच येत असेल तर चेनरिंग, म्हणजे पेडलकडची दातेरी चकती, मध्यावर बसलेली नाही. तिचे बोल्ट जरासे ढिले करा, चेन सगळ्यात ताणते तिथे पेडल थांबवा, वरच्या बाजूने चेनवर पान्याने हलकी टपली मारा, म्हणजे रिंग किंचित सरकते. परत फिरवून बघा, परत टपली. दोन-चार वेळा करावं लागतं, मग बोल्ट आवळा आणि चेनचा ढिलेपणा त्या ताणणाऱ्या जागीच सेट करा.

टक् मात्र वेगळं प्रकरण वाटतंय. ते पेडलच्या किती फेऱ्यांनी येतं ते मोजा. साधारण दोन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर एखादी कडी अडकतेय, कारण तुमच्या चेनला शंभराच्या आसपास कड्या असणार आणि एका फेऱ्यात 48 पुढे जातात. मागच्या कॉगवरून, म्हणजे चाकाच्या छोट्या दातेरी चकतीवरून, सुटताना ती कडी वाकडीच राहते, लगेच दिसते. तेल टाका आणि आडवी थोडी वाकवून मोकळी करा. एका फेऱ्यात तीनदा टक् येत असेल तर मागच्या चाकाकडे बघा, 48 ला 16 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात ते तीनदा फिरतं. आणि पेडल उलटं दाबून ब्रेक मारतानाच टक् होत असेल तर सायकल आजच उभी करा, कॉग किंवा त्याला जागी धरणारं लॉकरिंग ढिलं असणार. लॉकरिंगचे आटे उलटे असतात, आवळायचं डावीकडे.

राहिली चेन. दोन वर्षं झाली यावरून काही कळत नाही, मोजा. 24 कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, नव्या चेनला 304.8 मिमी भरतात. 306 च्या आसपास असेल तर वापरा बिनधास्त, 308 ला टेकली की बदला. तेव्हा कॉगचे दातेही बघून घ्या, एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर नवी चेन त्यावर नीट बसणार नाही आणि तीच घर्र परत सुरू होईल, मग कॉगही बदला.