आरओ घेण्याआधी पाणी मोजा

दादा, कोणता आरओ (पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर) घ्यावा विचारलंत, पण मशीन नंतर, आधी पाणी बघा. दोन-तीनशे रुपयांत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मिळतो. स्वयंपाकघरातल्या नळाचंच पाणी मोजा. सोसायटीच्या टाकीत बोअरचं मिसळलेलं असतं आणि लोक नेमकं तेच विसरतात.

नाशिकच्या गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी असेल, तर बहुधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरेसं. आकडा 500 च्या वर गेला तर आरओ. आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरायचा, म्हणून मी घेतला.

नवखे इथे चुकतात:
- मीटर जंतू दाखवत नाही, फक्त क्षार. आकडा कमी म्हणून तसंच पिऊ नका.
- मेम्ब्रेन (आरओची क्षार अडवणारी बारीक जाळी) आणि फिल्टर बदलायचा खर्च आधीच विचारा.

आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशीला चालतं. आकडा कळवा, मग मॉडेल ठरवू.