कोलोनोस्कोपी नॉर्मल आली तरी आईचे जुलाब थांबत नाहीत, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न वाचला आणि वाटलं हे माझंच कोणीतरी लिहून काढलंय. आई ६२ वर्षांच्या, सहा महिने पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही ताप नाही, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) नॉर्मल, म्हणून डॉक्टर म्हणतात आयबीएस आहे, म्हणजे आतडं नुसतं चाळवलेलं, आत दोष काही नाही, टेन्शन घेऊ नका. मी एकच विचारते, कोलोनोस्कोपी करताना बायोप्सी, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा, घेतली होती का? मला निघालेला आजार, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, त्याशिवाय कळत नाही. रिपोर्ट काढून बघा, घेतली असेल तर त्यात लिहिलेलं असतं.

मी डॉक्टर नाही, रत्नागिरीची रिटायर्ड शिक्षिका आहे, आणि माझे आठ महिने याच 'नॉर्मल'मध्ये गेले. पहिल्यांदा जिथे तपासणी केली तिथे आतून सगळं गुलाबी छान दिसलं म्हणून तुकडा घेतलाच नाही. मग काय, शेजारच्या काकूंनी कुड्याची साल उगाळून दिली, कोणी सुंठ दिली, मी पेज आणि मऊभातावर राहिले, सात किलो वजन गेलं. बाजारात जायचं तर आधी कुठल्या दुकानामागे सोय आहे ते आठवायचं, एसटीत बसणं तर सोडूनच दिलं.

शेवटी भाच्याने गाडीत घालून कोल्हापूरला नेलं. साखरप्याला थांबलो, आंबा घाट चढल्यावर मलकापूरला परत थांबलो, तो बिचारा काही बोलला नाही. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? म्हटलं हो, दोनदा तरी. ते म्हणाले आयबीएस सहसा झोपेतून उठवत नाही. मग दुसरा प्रश्न, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मी पर्समधली पिशवी टेबलावर ओतली. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, त्याने ॲसिडिटी होते म्हणून लॅन्सोप्राझोल, दोन्ही दोन वर्षं रोज. या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचा या आजाराशी संबंध सापडलाय म्हणाले, डिप्रेशनच्या सर्ट्रालीनचाही, आणि सिगरेटचाही. त्यामुळे आईंची गोळ्यांची पिशवी नक्की घेऊन जा, पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, हार्टची किंवा मनाची गोळी असेल तर अजिबातच नाही.

परत कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देताना नर्सलाच हसू आलं, मला त्याची काय गरज! यावेळी आतड्याच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंचे तुकडे घेतले, कणीएवढे, दोन छोट्या बाटल्यांत, वर माझं नाव. दोन्हीकडचे लागतात, कारण दोष सगळीकडे सारखा नसतो, नुसते खालच्या टोकाचे घेतले तर सुटू शकतो. रिपोर्ट आला, मायक्रोस्कोपिक कोलायटिस. नावातच आहे की, मायक्रोस्कोपखालीच दिसतो. यात मुख्य दोन प्रकार, एकात अस्तराच्या १०० पेशींमागे २० किंवा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घुसलेल्या असतात, दुसऱ्यात अस्तराखालचा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा थर १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झालेला असतो. माझा दुसरा. हा प्रकार १९७६ साली स्वीडनमधल्या लिंडस्ट्रॉम नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून ठेवला म्हणे, म्हणजे मी कॉलेजात असताना! साठीच्या आसपासच्या बायकांत जास्त सापडतो. त्याच्या जोडीला सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) आणि थायरॉइडचं दुखणं असू शकतं म्हणून त्या रक्ततपासण्या झाल्या, आणि शौचाची तपासणी, कारण आपल्याकडे अमीबा, जिआर्डिया हे पोटातले परजीवी आधी बघावेच लागतात.

औषध ब्युडेसोनाइड, दम्याच्या पंपात असतं तेच स्टेरॉइड, पण आतड्यात जाऊन सुटणारी कॅप्सूल. ९ एमजी रोज सकाळी, आठ आठवडे. यातलं बरंचसं लिव्हरमध्येच निष्क्रिय होतं म्हणून बाकीच्या स्टेरॉइडपेक्षा त्रास कमी. मला दहाव्या-बाराव्या दिवशी फरक पडला आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी एकदाच, घट्ट. हसू नका, मी भाच्याला फोन करून सांगितलं. मग हळूहळू कमी करून बंद केलं आणि अडीच महिन्यांत परत सुरू! खूप लोकांचं असं होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलेलंच होतं, तरी रडले. आता ३ एमजीवर ठेवलंय, सोबत हाडांसाठी कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन. प्रवासाला निघताना जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी जवळ असते, तीही विचारूनच.

तुम्ही कॅन्सरबद्दल विचारलंय. या आजाराने आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही, आईंना हे आधी सांगा, त्याच भीतीने अर्ध्या झाल्या असतील. मात्र रक्त दिसलं, ताप आला किंवा चक्कर येऊन लघवी कमी झाली तर वाट बघत बसू नका. तोवर ओआरएस चालू ठेवा, चहा-कॉफी कमी, शुगरफ्रीवालं काही असेल तर बंद. दूध मला सोसत नव्हतं, आता चालतं.

आणि जाण्याआधी आठवडाभर कॅलेंडरवर रोजचे आकडे लिहून ठेवा, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. बायोप्सी झालेली नसेल तर सरळ म्हणा, "डॉक्टर, तुकडे घेतले नव्हते, मायक्रोस्कोपिक कोलायटिस असू शकेल का?" माझ्या वेळी हे मला माहीतच नव्हतं.